धुतलेला हौद

त्या इमारतीला पर्यावरणाचं वावडं होतं असं कोणी म्हणू नये. उलट दर दोन-तीन वर्षांनी तिथे पर्यावरणाची लाट हमखास यायची. एका लाटेत घरटी तीन कापडी पिशव्या शिवून घेतल्या, त्यावर इमारतीचं नाव छापलं, आणि मळू नयेत म्हणून प्रत्येक पिशवी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाटली. पुढच्या लाटेत सायकलींसाठी लोखंडी स्टँड आलं. त्यावर आजही पहिल्या मजल्यावरच्या गाद्या उन्हं खात असतात. तिसऱ्या लाटेत 'एक-दोन मजल्यांसाठी जिना वापरा' अशा पाट्या लिफ्टच्या प्रत्येक दारावर लागल्या. पाट्या लावणारा माणूस मजल्यामजल्याला लिफ्टनेच गेला, कारण शिडी जड होती.

गांडूळकाका या कुठल्याच लाटेत बसत नव्हते. ते एकटेच होते, त्यामुळे ओसरायचे राहून गेले होते.

हे नाव त्यांना मुलांनी दिलं आणि मोठ्यांनी पाठीमागे वापरलं. समोर सगळे नुसतं 'काका' म्हणत. एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं सहायक म्हणून काढली होती. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि मुलांच्या वह्यांतले आकडे तपासायचे. मुलं पुस्तकातलं उत्तर आधी बघून त्याला शोभतील असे आकडे भरायची. काका एवढंच म्हणायचे, "जे दिसलं ते लिही. चुकीचं दिसलं असेल तर चुकीचं लिही. पण न दिसलेलं लिहू नकोस." यामुळे शाळेचा विज्ञानाचा निकाल कायम थोडा कमी लागायचा आणि मुख्याध्यापक काकांशी कायम थोडं कमी बोलायचे.

निवृत्तीनंतर काकांनी इमारतीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि जनरेटरची खोली यांच्यामधल्या कोपऱ्यात, कमरेएवढ्या उंचीचे विटांचे दोन हौद बांधून घेतले. एकात ओला कचरा पडायचा, दुसरा मुरत राहायचा, मग अदलाबदल. वर सुका पाला, मधूनमधून पाण्याचा शिडकावा, आणि आत गांडुळं. रोज सकाळी सात वाजता काका हौदात हात घालून एक मूठ माती काढत, तिच्यातली गांडुळं मोजत, ती परत आत सोडत आणि वहीत तारखेसमोर आकडा लिहीत. अकरा. तेरा. नऊ. सोळा. तीन वर्षांत तो रकाना एकदाही रिकामा राहिला नव्हता.

इमारतीत अठ्ठेचाळीस घरं होती. त्यांतली सात घरं ओला कचरा वेगळा द्यायची. त्या सातांत एक घर काकांचं स्वतःचं होतं. त्या सातांच्या बादल्या गोळा करून आणायचं काम मावशींचं. मावशी म्हणजे जिने झाडणाऱ्या बाई. त्या यांना काका म्हणायच्या आणि हे त्यांना मावशी म्हणायचे. दोघांत वयाने मोठं कोण, हे दोघांनीही कधी काढलं नाही.

"पाचव्या मजल्यावरच्यांनी परत रिमोटचे सेल टाकलेत," मावशी काठीने बादली ढवळत सांगायच्या. "तुमच्या गांडुळांना टीव्ही घेऊन द्या एकदाचा."

"अंड्याची टरफलं कुणाची?"

"तिसरा मजला. त्यांना सांगितलं होतं चुरून द्या, तर म्हणतात, चुरायची असती तर आम्हीच नसतं का खत केलं?"

काका टरफलं स्वतः चुरायचे. घरी गेल्यावर काकू त्यांना नखं दाखवायला लावायच्या, मगच जेवायला वाढायच्या. "रिटायर झालात तेव्हा मी म्हटलं होतं, काहीतरी पाळा," त्या म्हणायच्या. "माझ्या डोळ्यांसमोर मांजर होतं."

असं सगळं बरं चाललं होतं, म्हणजे कुणाचं लक्ष नव्हतं. मग समोरच्या इमारतीला पितळेची पाटी मिळाली.

'हरित इमारत' अशी ती पाटी पालिकेकडून यायची आणि फाटकाच्या खांबावर लागायची. ऊन पडलं की तिचा कवडसा बरोबर आपल्या अध्यक्षांच्या बैठकीच्या खोलीत जायचा. अध्यक्ष टाइल्सचे व्यापारी. चकाकणाऱ्या वस्तूंचा त्यांना धंद्यामुळे चांगला अंदाज होता, पण दुसऱ्याच्या वस्तूने डोळे दिपवून घ्यायची सवय नव्हती. त्यात चार नव्या गाड्यांना जागा हवी म्हणून चार घरं वर्षभर मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. हे दोन्ही विषय एकाच बैठकीत आले.

"माझं सरळ म्हणणं आहे," तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या. टरफलं त्यांचीच. त्या समितीच्या सचिव होत्या आणि ठराव त्यांच्या तोंडातून निघतानाच कायद्याच्या भाषेत निघायचा. "त्या कोपऱ्यात एकतर चार गाड्या उभ्या राहाव्यात, नाहीतर त्याच्यामुळे पाटी यावी. दोन्हींतलं काहीच होणार नसेल तर तो कोपरा आहे कशासाठी?"

"पाटी मिळेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"मिळायला हवी," काका म्हणाले. "हौद चांगला चाललाय."

"चालण्याचं नाही विचारत, काका. पाटीचं विचारतोय."

ठराव झाला. पालिकेची तपासणी मागवायची. पास झालं तर हौद कायमचे राहतील, नापास झालं तर पुढच्या एक तारखेला फोडून तिथे गाड्यांसाठी कोबा करायचा. काका त्या दिवशी जिन्याने वर गेले आणि तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांना आठवलं की ते दुसऱ्या मजल्यावर राहतात.

पुढचा आठवडा मात्र असा गेला की काकांना वाटलं, आपण उगाच लोकांना नावं ठेवत होतो. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घरांनी कचरा वेगळा करायला घेतला. मावशींना बादल्या पुरेनात. लोक स्वतः खाली उतरून येऊ लागले, हौदात वाकून बघू लागले. पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांनी तीन वर्षांत सेल सोडून काही दिलं नव्हतं, त्यांनी खाली येऊन "हे सगळे एकाच घरातले का?" अशी गांडुळांची चौकशी केली. काकांनी त्यांना अर्धा तास माहिती दिली. ते पूर्ण अर्धा तास उभे राहिले.

नाही म्हणायला उत्साहाच्या भरात थोडं इकडेतिकडे झालं. कुणी जुनी उशी दिली, कापूस झाडालाच लागतो म्हणून. कुणी मुदत संपलेली खोकल्याची औषधं दिली, त्यात तुळस आहे म्हणून. सातव्या मजल्यावरच्या सुनेने बटाट्याची सालं भांड्यांच्या साबणाने धुऊन, निथळून, डब्यात भरून आणली.

"धुतली कशाला?" काकांनी विचारलं.

"तपासणीला येणार ना कुणीतरी," ती म्हणाली. "घाणेरडी कशी द्यायची?"

काकांनी सालं बाजूला ठेवली, तिचे आभार मानले आणि संध्याकाळी काकूंना ही गंमत सांगितली. काकू हसल्या नाहीत. "या बिल्डिंगला स्वच्छतेचा झटका आला की मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी पाण्याची टाकी धुतली होती, आठवतंय ना? आठ दिवस चहाला फेस येत होता."

काका म्हणाले, "तू प्रत्येक गोष्टीत वाईटच बघतेस."

तपासणीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी काकांना पालिकेच्या कार्यालयात पाठवलं. अर्जाची एक प्रत तिथे शिक्का मारून आणायची होती. 'आमच्या इमारतीत खताचा हौद चालू स्थितीत आहे' अशा मजकुराची. काका दहाला गेले. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, तिसरी जेवायला गेली होती. चार वाजता शिक्का मिळाला. हौद चालू स्थितीत आहे यावर तिघांच्या सह्या झाल्या.

फाटकातून आत येतानाच काकांना वास आला. तो हौदाचा नव्हता. हौदाला ओल्या मातीचा वास यायचा, जवळ गेलं तरच. हा गुलाबाचा वास होता आणि तो थेट रस्त्यापर्यंत येऊन स्वागत करत होता.

मागचा कोपरा लख्ख झाला होता. गाड्या धुवायच्या पंपाने विटा घासून काढल्या होत्या, बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला होता. आतली माती वरपर्यंत भिजून काळीभोर चमकत होती आणि तिच्यावर फिनाईलचा दुधाळ तवंग होता. बाजूला पाच रिकामे कॅन रांगेत ठेवले होते, रांगेला सुद्धा शिस्त होती. मावशी जनरेटरच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे सूप होतं आणि सुपात गांडुळांचा ढीग.

"वर आली हो सगळी," मावशी म्हणाल्या. "एवढी होती हे मलाही माहीत नव्हतं. भिंतीवर चढत होती. अध्यक्षसाहेब म्हणाले, किडे निघतायत बघा, अजून एक कॅन ओता."

काकांनी सुपात बोट घातलं. काहीच हललं नाही.

"मी सांगितलं त्यांना," मावशी म्हणाल्या. "म्हटलं साहेब, हे आत जगतं, यांच्यावर फिनाईल नका टाकू. तर म्हणाले, मावशी, हे साधं फिनाईल नाही, गुलाबाचं आहे. नैसर्गिक."

काकांनी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात हौदात घातला. एक मूठ काढली, दुसऱ्या हौदातून एक काढली, मग तळातून एक. तिन्ही मुठी त्यांनी वर्तमानपत्रावर पसरून काडीने एकेक कण बाजूला करत तपासल्या. मावशी बघत होत्या. मग काकांनी ती माती परत आत टाकली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

अध्यक्ष खाली आले तेव्हा त्यांच्या पँटला चुना लागला होता. स्वतः राबले होते बिचारे. "काका, बघा," ते म्हणाले. "ओळखू येतो का हौद?"

"गांडुळं मेली, साहेब."

"हो, बरीच निघाली," अध्यक्ष म्हणाले. "तरी म्हणत होतो, एवढा कचरा जातो कुठे."

काकांनी त्यांना समजावून सांगितलं. शाळेत नववीच्या मुलांना सांगायचे तसं, पायरी पायरीने. गांडुळं कचरा खातात, त्याचं खत होतं, ती मेली म्हणजे आता ही नुसती ओली माती आहे. अध्यक्ष शहाणे होते, त्यांना पटकन कळलं. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"नवीन आणता येतील?" त्यांनी विचारलं.

"माती सगळी काढावी लागेल. हौद वाळवावा लागेल. दीड-दोन महिने."

"उद्या अकराला तपासणी आहे." अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, हौद राहिला तर गांडुळं पुन्हा येतील. हौदच गेला तर गांडुळांचं काय करणार? तुम्ही फक्त उद्या काही बोलू नका. मग दोन महिने काय, चार महिने घ्या."

काकूंनी त्या संध्याकाळी नखं बघायला मागितली नाहीत. "सांगून टाका त्या तपासणीवाल्यांना," एवढंच म्हणाल्या.

"सांगितलं तर एक तारखेला कोबा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पुन्हा करता येईल," काका म्हणाले. गुलाबाचा वास त्यांच्या हातालाच होता. त्यांनी तीनदा हात धुतले, साबणही गुलाबाचाच निघाला.

तपासणीला आलेल्या बाई तिशीच्या होत्या, घामाघूम. हातात यादी, खांद्याला पिशवी. त्या आठवड्यातली त्यांची ही नववी इमारत. आधीच्या आठांमध्ये त्यांनी माश्या, गळणारं पाणी, उंदीर आणि एका ठिकाणी हौदात झोपलेलं कुत्रं पाहिलं होतं. इथे आल्यावर त्या हौदाजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला.

"दुर्गंधी," त्यांनी यादी वाचली. "नाही. माश्या, नाही. अळ्या, नाही. उंदीर?"

"नावालाही नाही," अध्यक्ष म्हणाले.

"एवढा स्वच्छ हौद मी पाहिलाच नाही," बाई म्हणाल्या. यादीत सतरा प्रश्न होते. आत काही जिवंत आहे का, हा त्यांत नव्हता. शेवटचा प्रश्न नोंदींचा होता. काकांनी वही दिली. बाईंनी ती चाळली, मागे गेल्या, पुढे आल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"रोज मोजता तुम्ही?"

"रोज."

"तीन वर्षं?" त्यांनी वही अध्यक्षांना दाखवली. "बघा हे. आम्ही प्रशिक्षणात सांगतो, कुणी करत नाही." मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "आजचं राहिलंय. तेवढं भरून टाका, म्हणजे मला पान पूर्ण म्हणून दाखवता येईल. मी थांबते."

तारीख काकांनी सकाळी सात वाजता लिहिली होती. पुढचं लिहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. वकीलबाई बघत होत्या, अध्यक्ष हौदाकडे बघत होते, पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ वरून खिडकीतून बघत होते. मावशी कुंचा घेऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

काकांनी 'चौदा' लिहिलं. आकड्यात नाही, अक्षरात. अक्षर छान आलं.

पाटी पंधरा दिवसांत आली. ती समोरच्या पाटीपेक्षा दोन बोटं मोठी होती, कारण अध्यक्षांनी पालिकेच्या पाटीला मागून स्वतःची चौकट बसवली होती. काकांनी त्याच आठवड्यात एका रोपवाटिकेत जाऊन गांडुळांचं बोलून ठेवलं, माती उपसायला मावशींना आणि एका माणसाला सांगितलं, आणि समितीच्या बैठकीत फक्त कळवायचं म्हणून विषय काढला.

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाल्या. "पाटी एका वर्षासाठी आहे. वर्षभरात पालिका कधीही न सांगता येऊन बघू शकते. आज हौद ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत तो असायला हवा. कचरा टाकला की माश्या, अळ्या, वास. म्हणजे पाटी गेली. पाटी गेली की ठरावाप्रमाणे हौद गेला."

"पण त्याच्यात गांडुळं नाहीत," काका म्हणाले. "कचरा न टाकता हौद कसला?"

"चौदा आहेत," वकीलबाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "तुमच्या अक्षरात आहे, काका. आता नाहीत असं म्हणायचं असेल तर तसं लिहून द्या. पण मग खोटी नोंद केली असं होईल, आणि ती समितीने नाही केली. मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय."

काकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना पुन्हा खरंच वाईट वाटलं. त्यांनी आपल्या दुकानातल्या शिल्लक हिरव्या टाइल्स, पानांच्या नक्षीच्या, हौदाला बाहेरून बसवून द्यायचं जाहीर केलं. वर जाळी, जाळीला कुलूप. आणि काकांना एकमताने 'हरित मार्गदर्शक' नेमलं. टाळ्या झाल्या. काका उठून उभे राहिले, का ते त्यांनाही कळलं नाही, आणि खाली बसले.

आता अठ्ठेचाळीस घरांचा कचरा, ओला आणि सुका, एकाच काळ्या पिशवीत जातो. आधीच्या सात घरांचाही. पालिकेची गाडी रोज सकाळी तो उचलते. मावशींना बादल्यांऐवजी टाइल्स पुसायचं काम मिळालं आहे. "जेवायला कुणी नाही," त्या म्हणतात, "पण ताट रोज घासायचं."

काका सकाळी सातला उठतात. वही काकूंनी कपाटावर ठेवली आहे. तिच्यात शेवटी चौदा आहेत, पुढे काही नाही.

मार्गदर्शकाचं काम मात्र वाढलं. पालिकेच्या बाईंनी सगळीकडे सांगितल्यामुळे इतर इमारतींची माणसं हौद बघायला येऊ लागली. अध्यक्ष त्यांना कोपऱ्यात आणतात, काका माहिती सांगतात. कचरा कसा वेगळा करायचा, पाला किती, पाणी किती. ते जे सांगतात त्यातला शब्द न् शब्द खरा असतो, फक्त समोरच्या हौदाविषयी नसतो.

मागच्या आठवड्यात अशाच एका गटात सत्तरीच्या एक बाई होत्या, टाचणी लावून जोडलेला चष्मा, हातात वही. बाकीचे टाइल्स बघत होते. त्या काकांजवळ आल्या.

"आमचा हौद आहे वर्षभराचा," त्या म्हणाल्या. "पण त्यात बारीक माश्या होतात. झाकण काढलं की मातीचा वास येतो. आणि गांडुळं तर इतकी झालीयेत, लोकांना किळस येते. सगळे म्हणतात बंद करा. मी एकटीच आहे त्यात. म्हटलं, तुमचा बघून यावं, काय चुकतंय ते कळेल."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी कुणीतरी जिवंत हौदाबद्दल बोलत होतं.

"काही चुकत नाहीये तुमचं," ते हळू आवाजात म्हणाले. "अगदी बरोबर चाललंय. वर थोडा सुका पाला जास्त टाका. बाकी हात लावू नका."

बाईंनी हौदाकडे पाहिलं. हिरव्या टाइल्स, जाळी, कुलूप, शेजारी पाटीची एक प्रत. मग परत काकांकडे पाहिलं.

"पण मग तुमच्याकडे माश्या का नाहीत?" त्यांनी विचारलं. "गांडूळसुद्धा एक वर दिसत नाही. काय करता तुम्ही?"

अध्यक्ष चार पावलांवर उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण बोलायचे थांबले. बाई पेन उघडून वाट बघत होत्या.

"आम्ही स्वच्छता ठेवतो," काका म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.